सर अर्नेस्ट शॅकल्टन : चरित्र-परिचय

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाची ग्रामसभा पावसाळ्यानंतर उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यानुसार पिके ठरवते. हाती असलेल्याचा हिशेब करून इच्छेला मुरड घालणे, हे प्रतिकूलतेत तगून राहण्याचे एक सूत्र होय. हिमप्रदेशात हेच सूत्र पाळणाऱ्या शॅकल्टन यांचे चरित्र आता आपण पाहू.

शॅकल्टन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८७४ रोजी आयर्लंडमध्ये झाला. सोळाव्या वर्षी ते व्यापारी जहाजावर रुजू झाले. १९०१ साली निघालेल्या स्कॉट यांच्या अंटार्क्टिका मोहिमेत ते सहभागी होते. परंतु आजारपणामुळे त्यांना १९०३ मध्ये परतावे लागले. पुढे स्वतःच्या मोहिमेत ९ जानेवारी १९०९ रोजी ते दक्षिण ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवर पोहोचले. पुढे गेल्यास परतीला अन्न पुरणार नाही, हे ओळखून त्यांनी माघार घेतली. ते आणि त्यांचे तिन्ही सहचर जिवंत परतले.

अंटार्क्टिका खंड ओलांडण्यासाठी ते १९१४ मध्ये निघाले. जानेवारी १९१५ मध्ये त्यांचे ‘एंड्युरन्स’ जहाज गोठलेल्या समुद्रात अडकले आणि नोव्हेंबरमध्ये बुडाले. खंड ओलांडण्याचा हेतू तेथेच संपला. अठ्ठावीस जणांना परत नेणे हेच आता ध्येय ठरले. कित्येक महिने तरत्या बर्फावर काढून एप्रिल १९१६ मध्ये ते तीन नावांतून निर्जन एलिफंट बेटावर पोहोचले. तेथून सहा जण एका नावेने सुमारे १,३०० किलोमीटरचा खवळलेला सागर पार करून साउथ जॉर्जिया बेटावर उतरले. देवमासे पकडणाऱ्यांची वस्ती मात्र बेटाच्या दुसऱ्या बाजूस होती. मध्ये नकाशा नसलेले हिमपर्वत होते. शॅकल्टन, वर्सली व क्रीन यांनी तंबूविना ते सुमारे छत्तीस तासांत ओलांडले. मागे राहिलेल्या बावीस जणांना आणण्याचे तीन प्रयत्न फसले; चौथ्या प्रयत्नात, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, चिलीच्या ‘येल्चो’ जहाजाने सर्वांची सुटका केली.

हे यश एकट्या नायकाचे नव्हते, याकडे लक्ष द्या. मोजक्याच सूर्यदर्शनांवरून वर्सली यांनी नावेची दिशा राखली. सुतार मॅक्निश यांनी नावेच्या कडा उंचावल्या आणि पर्वतावर पाय घसरू नयेत म्हणून बुटांना स्क्रू ठोकले. तथापि, बर्फावर त्यांनी एकदा आज्ञा मोडली होती. त्यामुळे शॅकल्टन यांनी ध्रुवपदकासाठी त्यांची शिफारस केली नाही. शिवाय, खंडाच्या पलीकडे याच मोहिमेसाठी अन्नसाठे पेरणाऱ्या तुकडीतील तिघे दगावले. सर्व जण वाचले हे लोकप्रिय विधान म्हणूनच अपुरे आहे.

पुढील मोहिमेवर असताना ५ जानेवारी १९२२ रोजी साउथ जॉर्जिया येथे शॅकल्टन यांचे निधन झाले. तेथेच त्यांचे दफन झाले.

चरित्रकाराने नायकाचा धीर सांगावा, तसाच त्याच्या हातून झालेला अन्यायही नोंदवावा. ग्रामविकासाच्या कथेतही नेतृत्वाबरोबर श्रमदान करणाऱ्या हातांची नोंद हवी, हे तुमच्या ध्यानात येईल.

स्वयंअध्ययन प्रश्न : मॅक्निश यांचा उल्लेख वगळल्यास शॅकल्टन यांच्या चरित्रातून कोणते सत्य हरवते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.