हवेवरचे चाक : जॉन बॉइड डनलॉप

शिवाजीनगर म्हटले की आपल्या माणसांना आधी पुणे आठवते. मी सांगतो आहे ते बेंगळुरूचे शिवाजीनगर. तिथे रसेल मार्केट आहे, मोठा बसस्टँड आहे आणि जुन्या गाड्यांचे सुटे भाग व टायर विकणाऱ्या दुकानांच्या गल्ल्या आहेत. सुट्टीचे शेवटचे चार दिवस मी मामाकडे होतो. जुलैमध्ये त्याला आजीला गाडीने बेळगावला सोडायचे होते. म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटर, तेही पावसात. गाडीचे पुढचे दोन्ही टायर मात्र गोटा झालेले. म्हणून आम्ही त्या गल्लीत गेलो.

दुकानात भिंतीला टेकून वेगवेगळ्या नक्षीचे नवे टायर उभे होते. कोणावर सरळ रेघा, कोणावर बाणासारखी नक्षी, तर कोणावर जीपला शोभतील असे जाड ठोकळे. बाजूला निम्म्या किमतीचे वापरलेले टायर होते. मामाला वाटत होते की नक्षी ही साडीच्या काठासारखी, दिसण्यापुरती. रबर रबरच असते, मग जास्त पैसे कशाला घालवायचे? मला हसू आले नाही, कारण महिन्यापूर्वी माझेही मत तेच होते. मग हाउसमधल्या लेक्चरेटसाठी मला जॉन बॉइड डनलॉप हा विषय मिळाला आणि मी लायब्ररीत बसलो.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी झाला. एडिंबरा येथे शिकून ते पशुवैद्य झाले. मी समजत होतो की टायर शोधणारा माणूस इंजिनिअरच असणार. पण हे गृहस्थ घोड्यांचे आणि गुरांचे डॉक्टर! १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांचा दवाखाना इतका वाढला की तो आयर्लंडमधल्या मोठ्या दवाखान्यांत गणला जाऊ लागला. चाळिशी ओलांडलेला, संसारी, चांगला चाललेला माणूस. त्यांना नवे काही करून दाखवायची गरज नव्हती.

पण त्यांचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवत असे आणि रस्ते होते दगडी. त्या काळच्या चाकांना भरीव रबराची किंवा लोखंडाची धाव असे, त्यामुळे प्रत्येक दगड थेट हाडापर्यंत पोहोचत असे. १८८७ मध्ये डनलॉप यांनी रबराच्या पातळ पत्र्याची नळी केली, तिच्यात हवा भरली आणि ती एका लाकडी चकतीभोवती बसवली. मग अंगणात ही चकती आणि जॉनीच्या सायकलचे धातूचे चाक, दोन्ही घरंगळत सोडली. धातूचे चाक मध्येच थांबले. हवेचे चाक मात्र फाटकाच्या खांबापर्यंत गेले आणि त्यावर आपटून मागे उसळले. लेक्चरेटमध्ये हा प्रसंग मी दोनदा सांगितला. इन्स्ट्रक्टरांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली, तरी मला तो आवडतोच. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. एक अंगण, दोन चाके, आणि कोणते पुढे जाते ते पाहायचे.

डिसेंबर १८८८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पुढच्या वर्षी, १८ मे १८८९ रोजी, बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे फुगीर टायर लावून उतरला आणि चारही शर्यती जिंकला. हरलेल्यांमध्ये डब्लिनचे उद्योगपती हार्वे ड्यू क्रॉस यांची मुले होती. ड्यू क्रॉस यांनी हा पराभव मनाला लावून न घेता डनलॉप यांच्याबरोबर टायरची कंपनी उभी केली. हे मला शर्यतीपेक्षाही मोठे वाटते. आमच्या क्रॉस कंट्रीत हरलेला हाउस आठवडाभर जिंकणाऱ्यांशी बोलत नाही.

यानंतर डनलॉप यांच्या नशिबी वाईट बातमी आली. पेटंटला दोन वर्षे होतात न होतात तोच ते बाद ठरले. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने हवेच्या चाकाचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते. तेव्हा डनलॉप पाच वर्षांचे होते. थॉमसनची चाके घोडागाड्यांना बसवून पाहिली गेली, पण सायकल आणि मोटार यायच्या आधीच ती आली, म्हणून लोक ती विसरले. डनलॉप यांना त्यांची माहितीच नव्हती. मग डनलॉप यांना शोधक म्हणायचे की नाही? माझ्या मते म्हणावे. पण थॉमसनचे नाव गाळून म्हणू नये. कितीतरी पुस्तकांत ते गाळलेले असते.

कंपनी तरली ती टायर रिमवर बसवण्याची इतरांची पेटंटे विकत घेऊन. डनलॉप १८९५ मध्ये त्यातून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी हा व्यवसाय तीस लाख पौंडांना विकला गेला. त्यांच्या नावाचे मोटारीचे टायर १९०० पासून निघू लागले, त्यांच्या निवृत्तीनंतर. पुढे १९३६ मध्ये बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे त्याच नावाचा कारखाना उभा राहिला. ते स्वतः फार श्रीमंत झाले नाहीत. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे ते वारले. बेळगावकडे उसाने भरलेल्या टायरच्या बैलगाड्या बघतो तेव्हा मला वाटते, गुरांच्या या डॉक्टरांना ते दृश्य नक्की आवडले असते.

आता नक्षीकडे येतो. डनलॉप यांनी सोडवला तो दगडांचा प्रश्न. पाण्याचा प्रश्न मागे राहिला होता. मोटारी वेगाने धावू लागल्या तेव्हा गुळगुळीत टायर ओल्या रस्त्यावर घसरू लागले. लोकांनी टायरवर लोखंडी खिळ्यांचे चामडी पट्टे चढवून पाहिले. १९०४ मध्ये जर्मनीच्या कॉन्टिनेंटल कंपनीने नक्षी असलेला मोटारीचा टायर काढला. खाचांचे मुख्य काम पाणी वाट काढून बाहेर टाकण्याचे. कोरड्या डांबरावर गुळगुळीत टायर उलट जास्त पकडतो, म्हणून कोरड्या ट्रॅकवर शर्यतीच्या गाड्यांना खाचा नसलेले टायर लावतात. पाऊस आला की तोच टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. बाणासारखी नक्षी पाणी दोन्ही बाजूंना फेकते, पण बाण फिरण्याच्या दिशेनेच बसवावा लागतो. जाड ठोकळे चिखलासाठी असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीपच्या टायरवर मुद्दाम असे ठोकळे होते की पुढे जाताना आणि मागे येताना पकड सारखीच मिळावी. शहरातल्या रस्त्यावर मात्र ते नुसता आवाज करतात.

यात डनलॉप यांची हवाही येतेच. खाचा झिजल्यावर टायर किती वेगाला पाण्यावर तरंगेल, हे हवेच्या दाबावर ठरते. विमानांच्या टायरवरून अमेरिकेच्या नासाने बसवलेल्या सूत्राने मी गणित केले. तीस पाउंड हवा असेल तर ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास, आणि हवा वीसवर उतरली असेल तर पंचाहत्तरलाच.

हे सगळे मी मामाला दुकानात उभा राहून सांगितले. टायरवाला हातातले काम थांबवून ऐकत होता. वापरलेल्यांपैकी एका टायरच्या खाचा छान खोल दिसत होत्या आणि मामाची नजर त्यावरच होती. मी बोट घालून पाहिले. खाचेच्या तळाशी झीज ओळखण्यासाठी एक छोटा उंचवटा असतो. नक्षी त्याच्या पातळीला, म्हणजे १.६ मिलिमीटरला आली की कारचा टायर बदलायचा असतो. इथे तो उंचवटाच नव्हता. झिजलेल्या टायरमध्ये कोणीतरी पात्याने नव्या खाचा कोरल्या होत्या. त्या खाचांच्या खाली किती रबर उरले होते कोण जाणे. टायरवाल्याने तो टायर काही न बोलता मागे नेऊन ठेवला.

मामाने साध्या सरळ रेघांचे दोन नवे टायर घेतले आणि पुढे बसवले. चारचे पैसे नव्हते. शाळेत परतल्यावर मी वाचले की दोनच नवे असतील तर ते मागे लावावेत, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी सुटली तर गाडी गर्रकन फिरते. रविवारी फोन मिळाला तेव्हा ते आधी सांगितले. मामा म्हणाला की आता इतक्यासाठी परत कोण जाणार. मी फोन आजीला द्यायला सांगितला. पुढच्या रविवारी आजीने कळवले की पुढची चाके मागे गेली आहेत आणि हवाही भरली आहे, पण किती ते तिने विचारले नाही.