ॲना पावेल्का

ॲना सादिलेक पावेल्का (१८६९–१९५५) या अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात स्थायिक झालेल्या बोहेमियन शेतकरी होत्या. विला कॅदर यांच्या ‘माय आंतोनिया’ (१९१८) या कादंबरीची नायिका त्यांच्या जीवनावर आधारलेली आहे.

जीवन

ॲना यांचा जन्म ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील बोहेमिया (आजचे चेक प्रजासत्ताक) येथे झाला. १८८० मध्ये त्यांचे कुटुंब वेब्स्टर काउंटीतील गवताळ माळरानावर आले. पुढच्याच वर्षी वडील फ्रान्सिस यांनी आत्महत्या केली. कुटुंब निराधार झाल्याने कोवळ्या वयातच ॲना यांच्यावर कष्टाची कामे करण्याची वेळ आली. पुढे त्या रेड क्लाउड गावातील मायनर कुटुंबाकडे घरकामास राहिल्या. जवळच राहणाऱ्या कॅदर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला.

एका रेल्वे कर्मचाऱ्याने लग्नाचे आश्वासन देऊन त्यांचा त्याग केला. गर्भवती अवस्थेत त्या घरी परतल्या व त्यांनी मुलीला जन्म दिला. १८९६ मध्ये त्यांचा विवाह बोहेमियातूनच आलेल्या जॉन पावेल्का यांच्याशी झाला. ब्लेडन गावाजवळ शेती करत या दांपत्याने मोठे कुटुंब वाढवले. १९२६ मध्ये जॉन यांचे निधन झाले.

साहित्यातील स्थान

कॅदर यांच्या ‘नेबर रोझिकी’ या कथेचा नायक जॉन यांच्यावरून रेखाटलेला आहे. कादंबरीने नायिका केलेल्या ॲना प्रत्यक्षात तिच्या प्रकाशनानंतर साडेतीन दशकांहून अधिक काळ जगल्या. पावेल्का यांचे शेतघर आज ऐतिहासिक वास्तू म्हणून जतन केलेले आहे.