विमानं पाडणाऱ्या जर्मन तोफेला उत्तर म्हणून रणगाडा बनला, तो गाजवला आदी तारापोर यांनी

खोडाळ्याहून जव्हारमार्गे खाली उतरत समुद्र गाठला, की पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला तारापूर लागतं. अणुवीज केंद्रामुळे गाव सगळ्यांना माहीत आहे. पण या गावावरून पडलेलं एक आडनाव परमवीर चक्राच्या यादीत आहे, हे आपल्याच जिल्ह्यात किती जणांना ठाऊक असेल?

ते म्हणजे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, सगळ्यांचे आदी. त्यांचे पूर्वज रतनजीबा शिवरायांच्या फौजेत होते आणि इनामात मिळालेल्या शंभर गावांत तारापूर मुख्य होतं, असं या पारशी घराण्यात सांगतात. पुढे कुटुंब निजामाच्या हैदराबादला गेलं. आदींचा जन्म मात्र १८ ऑगस्ट १९२३ चा, मुंबईतला. शाळा पुण्यातली, सरदार दस्तूर.

१९४२ मध्ये ते हैदराबाद संस्थानाच्या पायदळात अधिकारी झाले. मन मात्र चिलखती गाड्यांत होतं. एकदा सरावात एका नवख्या जवानाचा हातबॉम्ब नीट फेकला गेला नाही, जवळच पडला. आदींनी झेप घेतली, तो उचलून भिरकावला. बॉम्ब फुटला, त्याचे तुकडे त्यांना लागले. हे पाहून खूश झालेल्या सेनापती अल इद्रूस यांच्याकडे गड्याने काय मागावं? चिलखती रेजिमेंटमध्ये बदली! ती मिळाली आणि दुसऱ्या महायुद्धात ते पश्चिम आशियात गेले.

त्याच युद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ ब्रिटिश रणगाड्यांचा काळ ठरली होती. खरं तर ती विमानं पाडायची तोफ. गोळा आभाळात उंच जायचा म्हणून त्याला प्रचंड वेग दिलेला. नळी आडवी केली की तोच वेग पोलाद फोडायचा. म्हणून १९४३ मध्ये ब्रिटिशांनी ८८ चा मारा सोसेल असा रणगाडा आखायला घेतला, तो सेंच्युरियन.

गंमत बघा, पुढे आभाळ जर्मनांच्याच हातून गेलं. मग त्यांना पँझर-४ रणगाड्याच्या सांगाड्यावर विमानविरोधी तोफा बसवाव्या लागल्या. त्यातल्या विर्बेलविंडवर २० मिलिमीटरच्या चार नळ्या होत्या आणि बुरुज वरून उघडा. पण तोवर फार उशीर झाला होता. सेंच्युरियनलाही उशीरच झाला. त्याचे पहिले नमुने युरोपात पोचले तेव्हा जर्मनी शरण गेली होती.

हाच रणगाडा पुढे भारताकडे आला. हैदराबाद विलीन झाल्यावर १९५१ मध्ये आदी पूना हॉर्समध्ये आले. १८१७ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहातून उभी राहिलेली ही रेजिमेंट. १९६५ च्या युद्धात तिची कमान त्यांच्याकडे होती.

११ सप्टेंबर, सियालकोट आघाडी. फिलौरा घेण्याचा मुख्य हल्ला पूना हॉर्सचा. अचानक वझीरवालीकडून पाकिस्तानचे रणगाडे चालून आले. आदी जखमी झाले. त्यांना मागे हलवायचं ठरलं, त्यांनी साफ नकार दिला. १४ ला वझीरवाली घेतलं. १६ ला जस्सोरान आणि बुतूर-डोगरांदी. त्यांच्या रणगाड्यावर कितीदा तरी गोळे आदळले. त्याच दिवशी आदी गेले, वय अवघं ४२. परमवीर चक्राच्या मानपत्रात शत्रूचे सुमारे ६० रणगाडे नष्ट आणि आपले फक्त ९, असा हिशोब आहे.

पारशी असूनही आपल्याला रणभूमीवरच अग्नी द्यावा, असं त्यांनी सोबतच्या अधिकाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं. जवानांनी तसंच केलं.