दोन आसने घडविणारा सोनार : संत एलिजियस



गेल्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील कॉलेजात शिकणारा एक तरुण मला भेटायला आला. अभ्यास सांभाळून, केवळ आवड म्हणून, तो चांदीचे दागिने घडवायला शिकत होता. तीन आठवडे खपून केलेली एक अंगठी त्याने माझ्या तळहातावर ठेवली. सांधा किंचित वाकडा होता, पण पोराचा चेहरा फुललेला होता. त्याच्या आईला मात्र हे पसंत नव्हते. हातोडी ठोकण्यात वेळ घालवून पोरगा काय मिळवणार, असा तिचा प्रश्न होता. उत्तर म्हणून मी त्या दोघांना एका संताची गोष्ट सांगितली. १ डिसेंबर रोजी त्यांचा सण असतो, म्हणून तीच आज तुम्हांलाही सांगतो.

संत एलिजियस ह्यांचा जन्म सुमारे ५८८ साली फ्रान्समधील लिमोज शहराजवळच्या शाप्तला ह्या गावी झाला. वडिलांचे नाव युखेरियस आणि आईचे तेरिजिया. मुलाच्या हातात कसब आहे हे वडिलांनी वेळीच ओळखले आणि त्याला लिमोजमधील आब्बो नावाच्या नामांकित सोनाराकडे शिकायला ठेवले. तेथील टांकसाळही आब्बो ह्यांच्याच देखरेखीखाली होती.

ही विद्या सोपी नाही. धातू ठोकत गेले की तो कडक होतो आणि आणखी ठोकला तर तडकतो. म्हणून तो पुन्हा तापवून नरम करावा लागतो. किती तापवायचा हे डोळ्यांनी त्याच्या रंगावरून ओळखायचे असते. डाख लावताना क्षणभर उशीर झाला की डाखाबरोबर दागिनाही वितळतो. त्या काळच्या फ्रँक सोनारांची आवडती कला तर अधिकच नाजूक होती. सोन्याच्या बारीक पट्ट्या उभ्या लावून छोटे छोटे कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्याच्या मापाने कापलेले तांबडे खडे किंवा रंगीत काच त्यात बसवायची. एलिजियस ह्यांच्या आधीच्या शतकात तेथे वापरलेले अनेक तांबडे खडे आपल्या भारतातून आणि श्रीलंकेतून गेले होते, असे आता प्रयोगशाळेतील तपासणीवरून सिद्ध झाले आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार मनात बसला तो कायमचा. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसाच न्यायाने वागता वागता तो न्यायी होतो. सद्गुणसुद्धा हातानेच शिकावा लागतो. एलिजियस ह्यांच्या आयुष्यात हे स्पष्ट दिसते.

शिक्षण संपल्यावर ते पॅरिसला गेले आणि राजाचे खजिनदार बोब्बो ह्यांच्या हाताखाली राहिले. राजा दुसरा क्लोथार ह्याला सोन्याचे रत्नजडित आसन करवून घ्यायचे होते. मनासारखे काम करणारा कारागीर मिळत नव्हता. बोब्बो ह्यांनी एलिजियस ह्यांचे नाव सुचविले. सोने तोलून त्यांच्या स्वाधीन करण्यात आले. काम पूर्ण झाल्यावर त्यांनी एक आसन राजापुढे ठेवले. राजा खूष झाला, इनामही ठरले. तेव्हा एलिजियस ह्यांनी दुसरे आसन पुढे आणले. उरलेले सोने वाया जाऊ नये म्हणून त्यांनी त्यातून तेही घडविले होते.

ह्या प्रसंगाचे मोल ज्याला सोनारकाम ठाऊक आहे त्यालाच कळेल. सोने आटवताना आणि कानस चालवताना थोडी घट येतेच. किती घट खरी आणि किती खिशात गेली, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. एलिजियस ह्यांचे चरित्र त्यांचे जिवलग मित्र, रुआंचे बिशप संत ओवेन ह्यांच्या नावावर आहे. त्यात हीच गोष्ट मुद्दाम सांगितली आहे, की त्यांनी कानशीला किंवा आगीला दोष देऊन एक कणही मागे ठेवला नाही. कोणी पाहत नसताना ते असे वागले. पुढे राजाने पवित्र अवशेषांवर हात ठेवून त्यांना शपथ घ्यायला सांगितले, तेव्हा देवाच्या धाकाने त्यांचे हात थरथरले आणि डोळ्यांत पाणी आले. राजाने आग्रह सोडला. शपथेवाचूनच त्यांच्यावर अधिक विश्वास बसला, असे त्याने कबूल केले.

हळूहळू ते राज्याच्या टांकसाळीचे प्रमुख झाले. राजा डॅगोबर्ट ह्याच्या काळात तर ते त्याचे विश्वासू सल्लागार होते. त्यांच्या नावाची सोन्याची लहान नाणी आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. दरबारात शिरल्यावर आरंभी त्यांनीही रेशमी वस्त्रे आणि रत्नजडित पट्टे वापरले. परंतु त्या काळी गुलामांचा बाजार भरत असे. बंदी विकायला आणल्याचे कळले की ते धावत जात आणि पैसे मोजून त्यांना सोडवीत. कधी वीस, कधी तीस, कधी पन्नास! पैसे संपले की अंगावरचा पट्टा आणि झगासुद्धा देऊन टाकीत. अखेरीस कमरेला साधी दोरी उरली. सोडविलेल्यांना ते मोकळीक देत : घरी परत जा, माझ्याजवळ भावासारखे राहा, किंवा मठात प्रवेश करा.

ह्यांतलाच एक सॅक्सन तरुण म्हणजे टिलो. एलिजियस ह्यांनी त्याला हाताशी बसवून सोनारकाम शिकविले. गुरुशिष्य समोरासमोर बसून काम करीत आणि एलिजियस ह्यांच्यापुढे एक पुस्तक उघडे असे. हात सोन्यावर आणि ध्यान देवाच्या वचनाकडे! विकला गेलेला हा मुलगा पुढे मठवासी झाला आणि ख्रिस्तसभा त्याला संत म्हणून मानते.

सुमारे ६३२ साली एलिजियस ह्यांनी राजाने दिलेल्या जमिनीवर सोलिन्याक येथे मठ उभारला. पॅरिसमध्ये स्त्रियांसाठीही एक मठ स्थापन केला. ६४१ साली ते नोयाँचे बिशप झाले आणि फ्लँडर्सच्या भागात त्यांनी शुभवर्तमानाचा प्रसार केला. १ डिसेंबर ६६० रोजी ते देवाघरी गेले. सोनार, लोहार आणि घोड्यांना नाल ठोकणारे कारागीर त्यांना आपले आश्रयदाते मानतात.

त्यांच्या हातचे म्हणून मानले गेलेले बहुतेक काम आज उरलेले नाही. शेल येथील मठातला प्रसिद्ध चषक फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात नष्ट झाला. त्याचे केवळ चित्र शिल्लक आहे. सँ-देनी येथील भव्य क्रुसाचा एक लहानसा तुकडा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवला आहे. त्यांनी सोडविलेल्या माणसांची पूर्ण यादी मात्र देवाजवळच असेल.

त्या आईला मी एवढेच म्हणालो, की पोराला शिकू द्या. वाकडा सांधा लपवता येत नाही; तो तोडून पुन्हा लावावा लागतो. हे ज्याच्या हाताला कळले, त्याला उद्या ऑफिसच्या हिशेबात, दुकानाच्या तराजूत आणि घरातल्या व्यवहारातही त्याची आठवण राहील. आपण कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी बँकेत नोकरी करणारे. प्रत्येकाच्या हाती कोणाचे तरी सोने तोलून दिलेले आहे आणि प्रत्येकाजवळ घटीची सबब तयार आहे. येत्या १ डिसेंबरला आपण दिवसभरात किती कण मागे ठेवले, हे रात्री झोपण्यापूर्वी प्रभूसमोर तपासून पाहू या.

संत एलिजियस, आम्हांसाठी विनंती करा.