पिता म्हणून प्रेषित मुहम्मद (स.)

तळोज्याच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या आपल्यातील अनेक तरुणांचे पहिले अपत्य आजोळी जन्मास येते. पिता बाळाच्या कानात अजान देतो, अकीका उरकतो आणि कामावर परततो. मूल मोठे झाल्यावर आपली जबाबदारी सुरू होईल, अशी त्याची समजूत असते. या समजुतीला प्रेषितांच्या जीवनात आधार सापडत नाही.

प्रेषितांना स्वतः पितृछत्र लाभले नव्हते. पिता अब्दुल्लाह त्यांच्या जन्मापूर्वीच निवर्तले होते. आदरणीय खदीजा (रजि.) यांच्यापासून झालेले कासिम व अब्दुल्लाह हे दोन्ही पुत्र बालपणीच गेले. पुढे हिजरी सन 8 मध्ये, वयाच्या साठीच्या सुमारास, आदरणीय मारिया (रजि.) यांच्या पोटी इब्राहीम जन्मले. प्रेषितांनी आपले पूर्वज इब्राहीम (अ.) यांचे नाव बाळाला दिले आणि ही वार्ता सहाबांना आनंदाने सांगितली.

अरबांच्या रीतीप्रमाणे बाळाला दाईकडे सोपविण्यात आले. तिचा पती अबू सैफ हा लोहार होता आणि त्याचे घर मदीनेच्या वरच्या वस्तीत होते. मक्का नुकतीच जिंकली गेली होती, राज्याचा संपूर्ण भार प्रेषितांवर होता. तरीही ते तेथपर्यंत जात, भट्टीच्या धुराने भरलेल्या त्या घरात प्रवेश करीत, बाळाला उचलून घेत, त्याचे चुंबन घेत आणि परतत. तेथे त्यांना दुसरे काहीही काम नसे.

घरातही ते पत्नींच्या कामास हातभार लावीत. चपला सांधणे, कपडे शिवणे, शेळीचे दूध काढणे यांत त्यांना कमीपणा वाटत नसे. नमाज पढविताना तान्ह्याचे रडणे कानी पडले, तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज संक्षिप्त करीत.

सुमारे दीड वर्षाचे असताना इब्राहीम वारले. प्रेषितांच्या नेत्रांतून अश्रू वाहिले आणि ते त्यांनी लपविले नाहीत. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी त्याचा संबंध या मृत्यूशी जोडला, तेव्हा कोणाच्याही मृत्यूमुळे ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. दुःखातही त्यांनी सत्य सोडले नाही.

बंधूंनो, दिव्य कुरआनात (सूरह अल-बकरह, आयत 233) स्तनपान करणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर टाकला आहे आणि दूध सोडविण्याचा निर्णयही दोघांच्या विचारविनिमयाने घेण्यास सांगितले आहे. बाळंतिणीला अल्लाहने नमाजही माफ केली आहे. मग आपण तिच्यावर घरकामाचा भार कसा ठेवावा? सुट्टीच्या दिवशी सासुरवाडीस जा. प्रथम पत्नीची विचारपूस करा, बाळाला छातीशी धरा, दुपटी धुवा, रात्री काही वेळ जागून तिला झोपू द्या. लोहाराच्या घरापर्यंतची ती वाट आपल्यासाठी सुन्नत आहे.

अल्लाह आपणांस त्या वाटेने चालण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.