एनर्जीचं गणित सोडवणाऱ्या कमलाताई

एनर्जी ड्रिंकचा कॅन उलटा करून कधी वाचलाय? मागच्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा नायसिन सापडतं, म्हणजेच जीवनसत्त्व बी-३. आपल्या इगतपुरीच्या भाताच्या कोंड्यातही ते असतं, पण तांदूळ पॉलिश केला की बरंचसं निघून जातं. शरीर नायसिनपासून एनएडी नावाचा रेणू बनवतं. हा रेणू अन्नातले इलेक्ट्रॉन पुढे देतो आणि सायटोक्रोम सी सारखी प्रथिनं ते ऑक्सिजनपर्यंत पोचवतात. पेशीला एनर्जी मिळते ती यातून. नायसिन फारच कमी पडलं, तर पेलाग्रा होतो. त्यात त्वचा काळवंडते, जुलाब लागतात, स्मृती ढासळते.

या साखळीतलं सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे दाखवलं एका मराठी मुलीनं. कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण.

जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघंही केमिस्ट. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवून तिनं बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. मार्क उत्तम होते, तरी संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कारण एकच, ती मुलगी होती. कमला मुकाट्यानं घरी परतली नाही, थेट त्यांच्यासमोर जाऊन अडून बसली. शेवटी प्रवेश मिळाला, तोही वर्षभराच्या प्रोबेशनवर. हा अपमान ती कधीच विसरली नाही. पण तिचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि पुढे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना तिला सायटोक्रोम सी सापडलं. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा!

परदेशात राहता आलं असतं, पण ती परतली. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केलं, पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवलं. गरिबांच्या ताटातली कडधान्यं आणि ताडा-माडाची नीरा हे तिच्या लॅबचे विषय. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वं, लोह सापडलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर तब्येत सुधारलेली दिसली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

१९९८ मध्ये कमलाताई गेल्या. पुढच्या वेळी कॅन उघडण्याआधी मूठभर शेंगदाणे खाऊन बघा. नायसिन त्यातही भरपूर असतं.