एका मिनिटाची परीक्षा

बाळंतीण घरी निघते तेव्हा प्रसूतिगृहातून मिळालेल्या कार्डावर बाळाची जन्मवेळ आणि वजन यांच्या शेजारी बहुधा आणखी एक नोंद असते. दहापैकी आठ, दहापैकी नऊ, अशी. घरची वडीलधारी मंडळी वजन विचारतात, पत्रिकेसाठी वेळ टिपून घेतात. त्या तिसऱ्या आकड्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. त्याला ॲपगार स्कोअर म्हणतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडून तो पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी पाठ करून घेतला जातो. त्यामुळे ॲपगार हे एका बाईंचे आडनाव आहे, याचा पत्ता पुष्कळ डॉक्टरांनाही नसतो. जन्मतःच श्वास अडलेल्या अर्भकाकडे कसे पाहावे, हे जगभरच्या डॉक्टरांना ज्यांनी शिकवले त्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांचे चरित्र म्हणूनच सांगण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या वेस्टफिल्ड गावी झाला. वडील विमा कंपनीत नोकरीला होते, पण त्यांचा जीव रमे तो घरच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत. दुर्बीण आणि बिनतारी यंत्र हे त्यांचे छंद. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, त्यांनी टिपून ठेवलेल्या बिनतारी संदेशांवरून जर्मनांची हेरगिरी उघडकीस आली होती. व्हर्जिनियाचा एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला. दुसरा सतत आजारी असे. घरात डॉक्टरांची ये-जा होतीच. मुलीने वैद्यकाकडे वळावे यात नवल नव्हते, परंतु त्या काळी त्यासाठी लागणारा पैसा घरात नव्हता. माउंट होल्योक कॉलेजात शिष्यवृत्त्या आणि मिळतील ती कामे करून त्यांनी शिक्षण पुरे केले. त्यांतले एक काम प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी भटक्या मांजरी पकडून आणण्याचे होते.

१९२९ च्या शरद ऋतूत त्या न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि काही आठवड्यांतच शेअर बाजार कोसळला. १९३३ मध्ये वर्गात चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्या बाहेर पडल्या तेव्हा डोक्यावर सुमारे चार हजार डॉलरचे कर्ज होते. त्यांना शल्यचिकित्सक व्हायचे होते. प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात उमेदवारीही सुरू झाली. मात्र तेथील शल्यविभागाचे प्रमुख ॲलन व्हिपल यांनी त्यांना त्या वाटेवरून परतवले. बाईकडे शस्त्रक्रियेसाठी रुग्ण येणार नाहीत, पोट भरणार नाही, हे एक कारण. दुसरे कारण अधिक दूरदर्शी होते. भूल देण्याचे शास्त्र सुधारल्याशिवाय शस्त्रक्रिया पुढे जाणार नाही, हे व्हिपल यांनी ओळखले होते आणि त्या कामासाठी त्यांना एक हुशार डॉक्टर हवा होता.

भूल देणे हे त्या वेळी अमेरिकेत बहुतांशी परिचारिकांचे काम मानले जाई. ॲपगार प्रथम त्यांच्याच हाताखाली शिकल्या. मग विस्कॉन्सिनमध्ये राल्फ वॉटर्स आणि न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात एमरी रोव्हेनस्टाइन यांच्याकडे त्यांनी पुढचे धडे घेतले. विस्कॉन्सिनला स्त्री डॉक्टरच्या राहण्याची सोयच नव्हती, म्हणून जागा शोधत हिंडावे लागले ते वेगळेच. १९३८ मध्ये त्या प्रेस्बिटेरियनला भूल विभागाच्या प्रमुख म्हणून परतल्या. प्रमुख म्हणायचे, पण सुरुवातीला विभागात डॉक्टर असे जवळजवळ त्या एकट्याच. शल्यचिकित्सक भूलतज्ज्ञाला बरोबरीचा मानायला तयार नव्हते. महायुद्धाने होती ती माणसेही नेली. तरीही अकरा वर्षांत त्यांनी शिकाऊ डॉक्टरांची पिढी तयार केली आणि विभाग नावारूपाला आणला. १९४९ मध्ये त्याला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळण्याची वेळ आली आणि प्रमुखपद बाहेरून आलेल्या इमॅन्युएल पेपर यांना देण्यात आले. ॲपगार यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले. त्या महाविद्यालयात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या, असे त्यांच्या चरित्रांत कौतुकाने लिहिलेले असते. ते खरेच आहे. पण जिने झाड लावले तिला फळ नाकारले गेले, हेही तितकेच खरे.

कारभाराची जबाबदारी गेली आणि हात मोकळे झाले. ॲपगार त्याच संकुलातल्या प्रसूती विभागात जाऊन उभ्या राहिल्या. प्रसूतीच्या वेळची भूल हा त्या काळी भूलतज्ज्ञांनी टाळलेला प्रांत होता.

तेथे त्यांना जे दिसले ते असे. अमेरिकेतले बालमृत्यू एकंदरीत घटत होते, परंतु जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू हटत नव्हते. बाळ बाहेर आले की खोलीतल्या सगळ्यांचे लक्ष आईकडे असे, तिचा रक्तस्राव, तिची वार, तिचे टाके. निळसर, निपचित बाळ कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवले जाई. कोणी त्याला चापट्या मारी, कोणी गार-गरम पाण्यात बुडवी, तर कोणी आशाच सोडून देई. कोणते बाळ खरोखर संकटात आहे आणि कोणते दमलेले आहे, हे ठरवण्याची सर्वांना समान अशी रीत नव्हती. प्रत्येक डॉक्टरचे मत निराळे आणि वहीतली नोंदही निराळी.

त्याच वर्षी एका सकाळी रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये न्याहारी चालली असताना एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की नवजात बाळाची तब्येत मोजायची कशी? ॲपगार यांनी समोर सापडलेल्या कागदावर पाच गोष्टी लिहिल्या आणि त्या तपासून पाहण्यासाठी थेट प्रसूतिकक्षाकडे निघाल्या. हृदयाचे ठोके, श्वासोच्छ्वास, नाकातोंडात नळी घातल्यावर उमटणारी प्रतिक्रिया, स्नायूंचा ताठरपणा आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके मिनिटाला शंभरावर असले तर दोन, त्याखाली असले तर एक, नसलेच तर शून्य. बाळ जोरात रडले तर दोन, मंद किंवा अनियमित श्वास घेतला तर एक. पूर्ण जन्म झाल्यापासून बरोबर साठ सेकंदांनी पाहायचे आणि बेरीज मांडायची. ही पद्धत त्यांनी १९५२ मध्ये भूलतज्ज्ञांच्या परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वरचे गुण मिळालेल्या बाळांचे भवितव्य उत्तम आणि अगदी तळाचे गुण मिळालेल्यांचे बिकट, हे त्यांनी हजारावर बाळांच्या नोंदींवरून दाखवले.

यात नवा शोध कोणता, असे कोणी म्हणेल. पाचही लक्षणे जुनीच होती. माझ्या मते ॲपगार यांची प्रतिभा दिसते ती वापराच्या अटींत. उपकरण लागत नाही, रक्त काढावे लागत नाही, नवशिक्या डॉक्टरलाही दोन दिवसांत जमते. शिवाय गुण देणारी व्यक्ती प्रसूती करणाऱ्या डॉक्टरहून वेगळी असावी, असा त्यांचा आग्रह होता. आपणच जन्माला आणलेल्या बाळाला माणूस हात सैल सोडून गुण देतो, हे त्या जाणून होत्या. आकडा लिहायचाच आहे म्हटल्यावर कोणीतरी घड्याळाकडे आणि बाळाकडे पाहणे भाग पडले. आणि तीनचा आकडा स्वतःच्या हाताने वहीत लिहिलेला शिकाऊ डॉक्टर तो सात व्हावा म्हणून धडपडू लागला. पुढे पाचव्या मिनिटालाही गुण मांडायची पद्धत आली, त्यामुळे या धडपडीचे फळही कागदावर दिसू लागले.

गुणांमागचे कारण शोधण्याचे काम त्यांनी डंकन हॉलेडे आणि स्टॅन्ली जेम्स या सहकाऱ्यांबरोबर केले. नाळेतल्या रक्ताची तपासणी करून त्यांनी दाखवले, की कमी गुणांच्या बाळांच्या रक्तात प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त असते. म्हणजे निपचित पडणे ही जन्माची स्वाभाविक अवस्था नव्हती, तो गुदमरण्याचा परिणाम होता आणि त्यावर उपाय ताबडतोब करायला हवा होता. याच अभ्यासातून सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू आईला दिल्यास बाळ मंदावते, असेही दिसून आले. हा ॲपगार यांचा आवडता वायू. आकडे समोर येताच त्यांनी तो सोडून दिला. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अहवालात १५,३४८ बाळांच्या नोंदी होत्या.

शिक्षक म्हणून त्या वर्गापुरत्या नव्हत्या. श्वास अडलेले कोणी कोठेही भेटेल म्हणून त्यांच्या पर्समध्ये श्वासनलिकेत घालायची नळी आणि खिशातला चाकू कायम असे. बोलणे झपाट्याचे, हसणे मोठे. पन्नाशीनंतर त्या विमान चालवायला शिकल्या. लहानपणी व्हायोलिन शिकलेल्या या बाईंना कार्लिन हचिन्स या रुग्ण भेटल्या. त्या तंतुवाद्ये बनवणाऱ्या होत्या. त्यांच्याकडून ॲपगार स्वतः वाद्ये घडवायला शिकल्या. रुग्णालयाच्या दालनातल्या टेलिफोन बूथमध्ये मेपल लाकडाची एक सुरेख फळी होती. व्यवस्थापन ती देईना, तेव्हा दोघींनी रात्री जाऊन तिच्याजागी रंगवलेली दुसरी फळी बसवली, अशी हकिकत सांगतात. नवी फळी जराशी लांब निघाली. मग हचिन्स स्वच्छतागृहात ती करवतीने कापत बसल्या आणि ॲपगार बाहेर पहाऱ्यावर.

१९५९ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. परत प्रसूतिकक्षात न जाता त्या नॅशनल फाउंडेशन या संस्थेत रुजू झाल्या. पोलिओविरुद्ध उभी राहिलेली ही संस्था १९५५ मध्ये लस आल्यानंतर जन्मजात व्यंगांच्या प्रश्नाकडे वळत होती. ज्या विषयावर घरोघरी लाजेने गप्प बसत, त्यावर ॲपगार गावोगावी व्याख्याने देत हिंडल्या. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली आणि गर्भातच बाधा झालेली हजारो बाळे बहिरेपण, अंधत्व, हृदयदोष घेऊन जन्मली. या रोगावरील लसीसाठी त्यांनी जोरदार प्रचार केला. १९७२ मध्ये जोन बेक यांच्यासह त्यांनी पालकांसाठी पुस्तकही लिहिले.

त्यांच्या नावाचा आकडा दरम्यान जगभर पसरला होता. त्याचा गैरवापरही झाला. कमी गुण मिळालेले बाळ पुढे मंदबुद्धी होणार, असे निदान त्यावरून करण्यात येऊ लागले. त्या कामासाठी तो बनवलेलाच नव्हता. रंगाच्या लक्षणाबद्दल तर ॲपगार यांनी पहिल्याच निबंधात असमाधान नोंदवले होते. सावळ्या बाळांत ते ओळखणे अवघड, हे त्यांनी तेव्हाच लिहिले. आपल्याकडच्या बाळांना हे अधिकच लागू. आजचे प्रशिक्षण आणखी एक पाऊल पुढे गेले आहे. बाळ श्वास घेत नसेल तर गुण मांडायला मिनिटभर थांबू नका, त्याच मिनिटात पिशवी आणि मुखवट्याने श्वास द्या, असे ते सांगते. भारतात २००९ मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात डॉक्टर आणि परिचारिका दोन दिवस बाहुलीवर हाच सराव करतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० मध्ये गरीब देशांसाठी आणलेल्या प्रशिक्षणाचा पायाही तोच आहे. गरज किती आहे ते एका आकड्यावरून कळावे. २०२२ मध्ये जगात सुमारे २३ लाख बाळे महिन्याची होण्याआधीच दगावली आणि जन्मताना श्वास कोंडणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

ॲपगार यांनी लग्न केले नाही, निवृत्तीही घेतली नाही. ७ ऑगस्ट १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये, आयुष्यभर जेथे काम केले त्याच रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वीस वर्षांनी अमेरिकी टपाल खात्याने त्यांचे वीस सेंटचे तिकीट काढले. त्यांना तिकिटे जमवण्याचाही नाद होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये डॅलस येथे त्याचे प्रकाशन झाले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या हातची चार वाद्ये वाजवली. त्यांतल्या व्हायोलाची पाठ त्या टेलिफोन बूथच्या फळीची होती.